पळसदेवचें शिखर आणि एक भिंग

पुणें-सोलापूर रस्त्यानें भिगवण मागें टाकून इंदापूरकडे निघालें म्हणजे डाव्या हातास अधूनमधून पाण्याची एक लांबच लांब रुपेरी रेघ दिसूं लागते. हा उजनी धरणाचा फुगवटा होय. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि काठचीं अनेक गांवें आपापले संसार उचलून वर सरकलीं. पळसदेव हें त्यांपैकींच एक. नवें गांव रस्त्याच्या कडेस वसलें. जुनें पाण्याखालीं गेलें. पळसनाथाचें प्राचीन देवालय मात्र कोठें जाणार? तें पावसाळ्यानंतर बुडून राहतें, आणि उन्हाळ्यांत पाणी उतरूं लागलें कीं प्रथम त्याचें शिखर वर येतें. अवर्षणाच्या सालीं तर सबंध देऊळ उघडें पडतें.

पळसदेव हें आमचें आजोळ. आमचे वडील बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, ते तेथल्याच डोहांत पोहावयास शिकले. आज त्यांचें वय ८१ आहे; गुडघे राहिले नाहींत, आणि चिखल तुडवून नावेंत बसणें तर दूरच, जिन्याच्या चार पायऱ्याही त्यांस जड जातात. गेल्या माघांत एके दिवशीं जेवतांना ते सहज म्हणाले, "अरे, त्या शिखराच्या एका कोपऱ्यास आम्हीं पोरांनीं दगड मारून टवका पाडला होता. तो अजून आहे का, एकदां पाहावयास पाहिजे होतें." ते पुन्हां कांहीं बोलले नाहींत. परंतु पानावरून उठण्यापूर्वींच आमच्या मनानें घेतलें कीं शिखर घरीं आणून दाखवावें. त्यांतून हा कॅमेऱ्याच्या भिंगाचा, म्हणजे लेन्सचा, प्रपंच उभा राहिला.

कॅमेरा घरांत होता. आमच्या पुतण्याच्या कन्येनें कॉलेजांत बक्षीस मिळालेल्या पैशांतून कॅननचा १५००डी हा नवशिक्यांसाठीं असलेला डिजिटल एसएलआर घेतला होता, व त्याबरोबर १८-५५ मिलीमीटरची लेन्स आली होती. घरांतील वाढदिवस, गौरी-गणपति आणि मांजराचीं पिलें ह्यांस ती पुरून उरे. फाल्गुनांत आम्ही तिघें, म्हणजे पुतण्या, त्याची कन्या व मी, पहांटे निघून प्रथम भिगवणजवळच्या कुंभारगांवास गेलों. तेथील कोळी बांधव प्रवाशांस नावेंतून पक्षी दाखवितात. कोणता पक्षी कोणत्या उथळांत उतरला आहे हें त्यांस तोंडपाठ असतें. त्या दिवशीं रोहित पक्ष्यांचा एक मोठा थवा पाण्यांत उभा होता. चित्रबलाक, राखी बगळे, चमच्यासारख्या चोंचीचे दर्विमुख, डोक्यावर काळे पट्टे असलेलीं हिमालयापलीकडून आलेलीं हंसकुळांतलीं पांखरें, सर्व कांहीं डोळे भरून पाहिलें. नात एकसारखी कळ दाबीत होती. परततांना पळसदेवला थांबलों. दूर पाण्यांत शिखराचा शेंडा नुकताच वर आला होता, त्याचेंही चित्र घेतलें.

घरीं येऊन तीं चित्रें मोठ्या पडद्यावर लावलीं. दादा पुढें सरसावून बसले. सगळीकडे पाणी, वर आकाश, आणि मध्यें कोठें तरी अक्षता सांडाव्या तसे पांढरे ठिपके! शिखर म्हणजे एक तपकिरी मोहरी. दादांनीं चष्मा पुसला, पुन्हां पाहिलें, आणि "पाणी छान आलें आहे" असें म्हणून ते आंत गेले. नातीचा चेहरा एवढासा झाला.

पेशा शिक्षकाचा असल्यामुळें हें असें कां झालें त्याचा हिशेब मांडल्यावांचून मला चैन पडेना. तो फार सोपा आहे. ह्या जातीच्या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारी जी चकती असते ती सुमारें २२ मिलीमीटर रुंद व १५ मिलीमीटर उंच असते. १०० मीटरांवरील वस्तु ५५ मिलीमीटरच्या भिंगानें टिपली तर चौकटींत ४० मीटर रुंदीचा व २७ मीटर उंचीचा प्रदेश मावतो. रोहित पक्षी उभा राहिला तरी सवा-दीड मीटरांहून उंच नाहीं. म्हणजे चौकटीच्या उंचीचा तो विसावा भाग. तेंच भिंग २५० मिलीमीटरचें केलें तर रुंदी ९ मीटर व उंची ६ मीटर राहते, आणि पक्षी चौकटीचा चौथा-पांचवा हिस्सा व्यापतो. ३०० केलें तर रुंदी साडेसात मीटरांच्या आंत येते. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: ५५ वरून २५० वर जाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, २५० वरून ३०० वर जाण्यांत फारसा पडत नाहीं. हें मला आधीं उमगलें असतें तर पुढची फजिती टळली असती.

फजिती ती अशी. एका स्नेह्यांकडे ७०-३०० ची जुनी लेन्स पडून होती. ती त्यांनीं मोठ्या मनानें दिली. चैत्रांत पुन्हां गेलों. शिखर आतां पुरुषभर वर आलें होतें. परंतु नावाड्यानें त्या बाजूस जाळीं पसरलेलीं असल्यामुळें फार जवळ जाण्यास नकार दिला, आणि तो त्याच्या पोटाचा प्रश्न असल्यामुळें आम्हींही आग्रह धरला नाहीं. लांबूनच शेंपन्नास चित्रें घेतलीं. कॅमेऱ्याच्या पाठीवरील इवल्याशा पडद्यावर तीं झकास दिसलीं. घरीं मोठीं करून पाहतों तों प्रत्येक शिखरास दुसरें शिखर चिकटलेलें! जणूं पाण्यांतून वर येतांना देवळास कांपरें भरलें होतें.

कांपरें देवळास नव्हतें, आमच्या हातांस होतें. भिंग जितकें दूरचें ओढून आणतें तितकाच हाताचा कंपही वाढवितें. जुन्या छायाचित्रकारांचा आडाखा असा कीं भिंगाचा आंकडा जेवढा, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून शटर अधिक वेळ उघडें राहूं देऊं नये. आणि ह्या लहान चकतीच्या कॅननमध्यें त्या आंकड्यास १.६ नें गुणावें. म्हणजे ३०० ला सेकंदाचा पांचशेवा भाग पाहिजे. कडक उन्हांत हें साधतें. परंतु सकाळच्या कोंवळ्या उजेडांत, तेंही अशा स्वस्त भिंगांच्या लहान छिद्रांतून, तितका प्रकाश येत नाहीं. तिपाई, म्हणजे ट्रायपॉड, किनाऱ्यावर कामास येते. नावेंत ती नावेबरोबर डोलते. ह्यावर उपाय म्हणून भिंगाच्या पोटांतच एक कांच हलती ठेवून हाताचा कंप उलट दिशेनें मारून काढण्याची युक्ति निघाली आहे. कॅनन तिला आयएस म्हणतें, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी. उसन्या भिंगांत ती नव्हती, एवढाच काय तो घोटाळा. मात्र ही युक्ति आपला हात सावरते, उडता पक्षी थांबवीत नाहीं; त्यासाठीं शटरच झपाट्याचें लागतें.

मग नवी लेन्स घेण्याचा विषय घरांत निघाला. आमच्या घरांत कमावते पांच आणि सल्लागार पंधरा. एक भाचा म्हणाला, घ्यावयाची तर १५०-६०० चीच घ्या. तिचें वजन सुमारें दोन किलो आणि किंमत कॅमेऱ्याहून कितीतरी अधिक. ती गळ्यांत अडकवून नात चालणार, का नातीस घेऊन ती चालणार? सूनबाईंचें मत १८ पासून ३०० पर्यंत सर्व कांहीं करणारी एकच घ्यावी असें होतें. अशा लेन्स मिळतात, प्रवासांत सोयीच्याही असतात. पण सगळें करूं पाहणारें भिंग लांबच्या टोकास पुष्कळदां मऊ पडतें, आणि १८-५५ घरांत असतां तोच भाग दुसऱ्यांदा विकत कां घ्यावा? माझ्या निवृत्तिवेतनांतून दहा हजारांपलीकडे जाणें शक्य नव्हतें. शोधाअंतीं नातीनें व मीं एकमतानें ठरविलें तें कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम. ही २०१३ सालीं निघाली, वजन अवघें ३७५ ग्रॅम, आणि फोकस जुळवितांना खरखर करीत नाहीं. ह्याच कंपनीची ७५-३०० ह्याहून स्वस्तांत व मोठ्या आंकड्यासह मिळते, परंतु तींत आयएस नाहीं. आंकडा पाहून भुलणाऱ्यांसाठींच जणूं ती काढली आहे, असें माझें आपलें मत.

ज्यांच्या घरीं निकॉन आहे त्यांस अधिक सावध राहिलें पाहिजे. डी३५००, डी५६०० इत्यादि नवशिक्या कॅमेऱ्यांच्या अंगांत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्येंच असावी लागते. म्हणून जुनी स्वस्त ७०-३०० त्यांवर बसते खरी, पण फोकस हातानें फिरवावा लागतो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी हीं अक्षरें पाहावींत. २०१६ सालीं आलेली एएफ-पी ७०-३०० उत्तम आहे. परंतु तिचे दोन भाऊ, एक व्हीआरसह व एक व्हीआरवांचून, आणि डी३१०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांशीं दोघांचेंही जमत नाहीं. कुंडली जुळविल्यावांचून सोयरीक करूं नये.

आतां आरशावांचूनच्या कॅमेऱ्यांची चलती झाल्यामुळें एसएलआरचीं भिंगें लोक मोठ्या संख्येनें विकावयास काढीत आहेत. आमच्यासारख्यांची त्यांत चंगळ आहे. डेक्कन क्वीननें मुंबईस उतरून आम्ही दोघें फोर्टांतील बोरा बाजारांत गेलों. त्या अरुंद रस्त्यावर कॅमेऱ्यांचीं दुकानें एकास एक लागून आहेत; वर माड्यांवर दुरुस्तीवाले बसतात. एका दुकानदारानें स्वस्तांत दिलेलें भिंग नातीनें मोबाइलच्या विजेरीसमोर धरून पाहिलें, तर आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु. ती बुरशी. दमट हवेंत कपाटांत कोंडलेल्या भिंगांस ती हमखास लागते, आणि काढण्याचा खर्च भिंगाच्या किंमतीस जातो. तिसऱ्या दुकानांत मनासारखें सांपडलें. कडेस पोंचा नव्हता, मागचे पितळी बिंदु स्वच्छ होते, झूमचें कडें घट्ट फिरत होतें. नातीनें २५० वर ठेवून कळ अर्धी दाबली, तेव्हां आंतील चित्र क्षणांत स्थिर झालेलें तिला दिसलें. मग समोरच्या दुकानाची पाटी टिपून तिच्या चारही कोपऱ्यांतील अक्षरें आम्हीं मोठीं करून वाचलीं. दुकानदार हंसून म्हणाला, "मास्तर दिसतां!" आठ हजारांत सौदा झाला, आणि उरलेल्या पैशांतून लेन्स कोरडी ठेवण्यासाठीं हवाबंद डबा व सिलिकाच्या पुड्या घेतल्या.

ज्येष्ठाच्या आरंभीं, पावसाच्या आधीं, तिसरी फेरी झाली. रोहित केव्हांच निघून गेले होते. पाणी ओसरून काठांवर कलिंगडांचे वेल पसरले होते. नाव पूर्वींइतक्याच अंतरावर थांबली. नावाड्यानें वल्हें वर घेतलें, नातीनें कोंपरें छातीशीं आवळलीं, आणि श्वास रोधून एकामागून एक वीस चित्रें घेतलीं. शिखरावर एक पाणकावळा पंख वाळवीत बसला होता, तोही जागचा हलला नाहीं.

ह्या खेपेस मोठ्या पडद्याऐवजीं मीं त्यांतील एक चित्र हातभर लांबीच्या कागदावर छापून आणलें. दादांनीं तें उन्हांत नेलें, पोथी वाचण्याचें भिंग मागविलें, आणि पुष्कळ वेळ कांहीं न बोलतां एकेक थर पाहत राहिले. शिखराचा थर न् थर मोजतां येत होता. पाणकावळ्याच्या पंखांचीं पिसेंही वेगळीं दिसत होतीं. शेवटीं त्यांनीं मान वर केली.

"अरे, हें उत्तरेकडून काढलें आहे का?"

"होय दादा, नाव तिकडूनच गेली."

"मग टवका पलीकडच्या अंगास. आपल्या मामांच्या वाड्याकडच्या." आणि नातीकडे वळून म्हणाले, "पोरी, पाऊस लागावयास अजून किती दिवस आहेत?"

ती उठून कॅमेऱ्याची बॅटरी भरावयास लावून आली.