बसमधले बाकीचे

२५ फेब्रुवारी १९९५. मध्य प्रदेशातल्या उदयनगरहून इंदूरकडे एक बस निघाली होती. तिच्यात सिस्टर राणी मारिया होत्या. मूळच्या केरळच्या, वय ४१. देवास जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत त्या गोरगरीब शेतकऱ्यांना आणि आदिवासींना सावकाराच्या विळख्यातून सुटायची वाट दाखवत होत्या. वाटेत समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना सुऱ्याने भोसकून मारलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. एवढे वार करायला वेळ लागतो. आणि बस रिकामी नव्हती.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत असेल. सिस्टरांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही नन, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी घरच्यांनीच खटपट केली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना चर्चने समारंभपूर्वक ‘धन्य’ घोषित केलं. माफीचा हा भाग सगळे सांगतात, आणि सांगावाच. माझं मन मात्र बसमधल्या बाकीच्यांपाशी अडकून पडलं.

विसाव्या शतकात कॅथलिकांवर झालेल्या जुलमांबद्दल मी गेले काही महिने वाचतोय. मेक्सिकोत १९२६ पासूनची तीन वर्षं, जेव्हा चर्चमधली जाहीर उपासनाच थांबली. हिटलरची डाखाऊची छावणी, जिथे अडीच हजारांहून जास्त कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मबंधू डांबले होते. आणि अगदी आपल्या नाशिकला लागून असलेला गुजरातचा डांग. १९९८ च्या नाताळापासून तिथे आठवडाभर चर्च आणि प्रार्थनाघरं फोडली गेली, जाळली गेली. कॅथलिकांचीही आणि इतर ख्रिस्ती पंथांचीही. आहव्याच्या शाळेवर दगड पडले. जानेवारीत पंतप्रधान वाजपेयी पाहणी करून आले आणि म्हणाले की धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हायला हवी. जळलं कुणाचं आणि चर्चा कशावर! वाचताना मला नवल वाटलं नाही. हा क्रम आपल्या ओळखीचा आहे.

खरं सांगायचं तर मी वाचत होतो तेच मुळी ओळखीचं शोधायला. बघा, ते पण आपल्यासारखेच, असं म्हणता यावं म्हणून. दुसऱ्याच्या दुःखात स्वतःचा पुरावा शोधायचा, असलं ते वाचन.

ऑफिसात माझा एक मित्र आहे, वसईचा कॅथलिक. त्याला जेवणाच्या सुट्टीत हे सगळं उत्साहाने सांगत होतो. त्याने डबा बंद केला आणि म्हणाला, “अरे, तुझ्या खाडीपलीकडे चौघं मारले गेले, ते वाचलंस का?”

नव्हतं वाचलं. मी राहतो कळव्याला. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ठाणं. त्या ठाण्यात एप्रिल १३२१ मध्ये चार ख्रिस्ती मारले गेले. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे तिघे फ्रान्सिस्कन, आणि त्यांच्यासोबतचा तिफ्लिसचा दिमित्री. एका ख्रिस्ती घरात ते उतरले होते. तिथल्या नवरा-बायकोचं भांडण काझीकडे गेलं, साक्षीसाठी यांना बोलावलं, आणि बोलणं आपल्या पैगंबरांवर (स.) आलं. थॉमसने जे उत्तर दिलं ते मला आजही सहन होणार नाही. पण त्यावर त्यांना उन्हात बांधून ठेवणं, आगीत लोटणं आणि अखेर मारून टाकणं? पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी आला, त्यांची हाडं गोळा करून पार चीनपर्यंत घेऊन गेला. त्याने हे लिहून ठेवलं. तो त्यांच्याच पंथाचा, म्हणजे एका बाजूचा साक्षीदार. हे मी मित्राला लगेच ऐकवलं. तो नुसता हसला. डांगबद्दल कुणी असं म्हटलं असतं तर मी कसा उसळलो असतो, हे मला संध्याकाळच्या गाडीत सुचलं.

तेव्हापासून वाचन जरा अवघड झालंय. १ ऑगस्ट १९९६ ला अल्जेरियात ओरानचे बिशप पियेर क्लावेरी बॉम्बस्फोटात मारले गेले. इस्लामचं नाव घेणाऱ्यांनीच मारलं. त्याच स्फोटात त्यांना गाडीतून आणणारा महंमद बुशिखी हा मुसलमान तरुणही गेला. बिशपची गाडी चालवणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत तिथल्या कुणालाही कळत होतं. त्यालाही कळत होतं. तरी चालवत होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून येणाऱ्या गाडीत, कल्याणला लेकीकडे निघालेल्या एका म्हाताऱ्या मुसलमानाला गोमांसाच्या संशयावरून मारलं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. डब्यातले बाकीचे काय करत होते, असं मी तेव्हा चार ठिकाणी तावातावाने विचारलं होतं. अम्मी म्हणाली होती, “तू असतास तर?” मी म्हटलं होतं, “मी उठलो असतो.”

त्याच्या आधीची एक सकाळ मी तिला सांगितलेली नाही. कळव्याहून स्लो गाडी पकडली होती, दाराजवळ उभा होतो. एक मध्यमवयीन माणूस येशूच्या छोट्या पुस्तिका वाटत होता. ठाण्याला उतरणाऱ्या दोघातिघांनी त्याला घेरलं. किती पैसे मिळतात, कुणाला बाटवायला निघालास, वगैरे. एकाने कॉलर धरली. दुसऱ्याने हातातला गठ्ठा ओढून दारातून भिरकावला. गाडी पुलावर होती, पुस्तिका खाडीत पडल्या. मला दाढी आहे. मी तोंड उघडलं तर भांडण वेगळंच वळण घेईल, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटंही नव्हतं. ठाणं येईपर्यंत मी बाहेर पाण्याकडे बघत राहिलो.

तो माणूस पुढे त्या गाडीला कधी दिसला नाही. दिसला असेल तरी मला कळलं नसतं. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं.