राणीचा गाल

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आता पाच महिने झाले. पट्टी निघाली त्या दिवशी मुलुंडच्या घरातली भिंत मला दोन रंगांत दिसली. डाव्या डोळ्याने पिवळसर, उजव्याने पांढरी, किंचित निळीच. जेवायच्या आधी मी नाण्यांचा ट्रे काढला, एक राणीछाप रुपया उत्तरेच्या खिडकीशी नेला आणि आधी एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. एकाच नाण्याला माझ्या दोन डोळ्यांनी दोन ग्रेड दिल्या.

पस्तीस वर्षं मी नाण्यांची प्रत ठरवतोय. फोर्टातले व्यापारीसुद्धा वादातलं नाणं माझ्याकडे पाठवायचे. मी पाकिटावर ‘यूएनसी’, म्हणजे वापरात न आलेलं, असं लिहिलं की पुन्हा कुणी भिंग लावत नसे. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आजही आहे.

या सगळ्या वर्षांत मला एकाच जागेने छळलं: व्हिक्टोरियाचा गाल आणि कानावरचे केस. रुपयाचा तो सगळ्यात उंच भाग. तिथे सपाटपणा दिसला की प्रश्न उभा राहतो. हे घासलंय, की टांकसाळीतच ठसा नीट बसला नाही? दाब कमी पडला तर धातू डायच्या, म्हणजे ठशाच्या साच्याच्या, खोल भागात पोचतच नाही आणि गाल जन्मतःच सपाट राहतो. असं नाणं कुणाच्या खिशात गेलेलं नसतं. दिव्याखाली ते तिरकं फिरवलं की लस्टरच्या, म्हणजे मूळ झळाळीच्या, रेघा बैलगाडीच्या आऱ्यांसारख्या फिरतात. त्या गालावरून न अडखळता गेल्या तर दोष ठशाचा. गालापाशी तुटल्या, तिथे राखाडी सावली दिसली, तर नाणं वापरातलं. एवढीशी सावली, आणि तिच्यावर किंमत कित्येक पटींनी वरखाली होते. मोतीबिंदूचा पिवळा पडदा नेमकी तीच सावली गिळून टाकतो. किती वर्षं गिळत होता कुणास ठाऊक. त्यात घरोघरी एलईडी आले. जुन्या पिवळ्या बल्बखाली शिकलेली नजर या पांढऱ्या उजेडात चाचपडते. मी चार बल्ब अजून जपून ठेवलेत.

माझ्याकडे घाटकोपरहून एक मुलगी शिकायला येते. नजर तिखट आहे. मी तिला म्हटलं, ट्रेमधली चाळीस नाणी होल्डरमधून काढ, साध्या पाकिटांत घाल, वर फक्त नंबर टाक. त्यात काही माझी होती, काही गिऱ्हाइकांची, काही नुकतीच आलेली. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर ग्रेड लिहायच्या. मालकाचं नाव झाकलं की पक्षपात जाईल, अशी माझी समजूत.

सतरावं नाणं खाली ठेवलं तेव्हा ती म्हणाली, “काका, हे तुमचं होतं ना?”

“कशावरून?”

“तुम्ही जास्त वेळ घेतलात.”

ते माझंच होतं. नाव झाकून काय होणार? नाण्याला चेहरा असतो. कडेवरचा ठोका, राणीच्या मानेमागचा निळसर डाग मी झोपेतही ओळखेन. दुसऱ्याच्या नाण्यात मी पाच सेकंदांत खोट शोधतो आणि थांबतो. माझ्या नाण्यात खोट दिसली की ती माफ करायला कारण शोधत बसतो, आणि कारण सापडतंच. कागद जुळवले तेव्हा माझ्या बहुतेक नाण्यांना मी तिच्यापेक्षा एक पायरी वर ठेवलं होतं.

याला उपाय म्हणून हल्लीची मुलं स्लॅबकडे, म्हणजे ग्रेडचा आकडा लावलेल्या सीलबंद डबीकडे, बोट दाखवतात. त्या आकड्यामागची सत्तर गुणांची पट्टी शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी आखली. अगदी झिजलेला सेंट एका डॉलरचा, तर सर्वोत्तम सत्तर डॉलरचा. म्हणजे तो आकडा मुळात भावातूनच आला. 1986-87 च्या सुमारास तिथल्या दोन कंपन्यांनी नाणी डबीत सीलबंद करायला सुरुवात केली. मालकाचं नाव ग्रेडरला कळत नाही, निदान दोघं वेगवेगळं पाहतात आणि शेवटी एकजण निकाल पक्का करतो. पद्धत चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. तरी लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, आणि कधीकधी ग्रेड वाढूनही येते. 2007 मध्ये तर डबीतल्या नाण्यांतली चांगली निवडून त्यांवर स्टिकर लावणारी वेगळी कंपनी निघाली.

आणि आपली शिवराई, शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं? ती हाताने ठोकलेली, चकतीपेक्षा डाय मोठा. ‘श्री राजा शिव’ पूर्ण उमटलेली हाती आली तर दिवस सोन्याचा. मागच्या बाजूला कधी ‘छत्र’ शाबूत, तर कधी ‘पति’. यंत्राच्या नाण्यांची पट्टी तिला लावणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. शिवराई काय, राणीछाप काय, त्यांचा न्याय इथेच, आपल्याच डोळ्यांनी व्हायचा. नवी पोरं डबीवरचा आकडा वाचतात आणि नाणं बघतच नाहीत, तेव्हा मला राग येतो.

दयेचाही पक्षपात असतो. बोरिवलीच्या एक आजी बारा रुपये घेऊन आल्या होत्या. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख केलेले, बाराही नाण्यांवर केसांसारखे ओरखडे. त्यांनी ते इतक्या प्रेमाने पुसून माझ्यापुढे मांडले की दोन नाण्यांना मी अर्धी ग्रेड चढवून दिली. चूक होती. घेणाऱ्याचा त्यात काय दोष?

सतरावं नाणं म्हणजे माझा 1862 चा रुपया. मुंबई टांकसाळीत हेच साल 1874 पर्यंत छापलं गेलं आणि सालाखालच्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखतात. हे ठिपके मी त्याच्यावरच मोजायला शिकलो. पहिल्या मोठ्या कमाईतून घेतलेला तो रुपया. पाकिटावर माझ्या तरुण अक्षरात ‘यूएनसी’. त्या मुलीच्या कागदावर ‘एयू’, एक पायरी खाली, किंचित वापरलेलं.

ती गेल्यावर मी बल्ब लावला. उजव्या डोळ्याने पाहिलं तर आरे गालापाशी तुटतात. राखाडी सावली आहे, करंगळीच्या नखाहूनही लहान. डाव्या डोळ्याने पाहिलं तर आरे सरळ पार जातात. गाल अखंड, पिवळसर, जसा मी घेतला त्या दिवशी होता तसा.

पाकिटावर मी अजून काही खोडलेलं नाही. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. काल दवाखान्यातून परत फोन आला. दिवाळीनंतर बघू, म्हटलं.