वाचनीय स्थळ

दिल्लीत ‘पहाड’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवदार आणि बर्फ उभा राहतो. मी कामासाठी जिथे येते त्या कोपर्निकस मार्गाच्या टोकाला तर चौकाचं नावच मंडी हाउस. हिमाचलातल्या एका डोंगरी संस्थानाच्या राजाच्या निवासावरून पडलेलं. इथे साताऱ्याच्या डोंगरातल्या गावाविषयी बोलू लागले की पहिला प्रश्न येतो, “बर्फ पडतो का तिथे?” नाही पडत. पाऊस पडतो, आणि तो असा की चार महिने गाव धुक्यात बुडून असतं.

गावाचं नाव भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळ, जावळीच्या मुलखाच्या वरच्या अंगाला. एका पर्यटन पुस्तिकेसाठी या गावाची माहिती मराठीतून हिंदी आणि इंग्रजीत न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मजकूर तीन भागांत: इतिहास, परंपरा, प्रेक्षणीय स्थळे. अशा पुस्तिकांचा साचा ठरलेला असतो आणि भाषांतरही सहसा अर्ध्या दिवसात उरकतं. मी मात्र तिसऱ्या भागाच्या मथळ्यावरच अडले. ‘प्रेक्षणीय’ म्हणजे पाहण्याजोगं. इंग्रजीतला ‘अट्रॅक्शन’ ओढून घेण्यातून आलेला. भिलारमध्ये जे आहे ते या दोहोंत बसत नव्हतं, कारण ते वाचायचं होतं.

४ मे २०१७ रोजी भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य मराठी विकास संस्थेच्या या उपक्रमात सुरुवातीला पंचवीस ठिकाणं होती आणि सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं. ठिकाणं म्हणजे लोकांची राहती घरं, लॉज, शाळा, देऊळ. एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी संतसाहित्य, कुठे बालसाहित्य, कुठे दिवाळी अंक. चित्रकारांनी भिंती रंगवल्या. पैसे पडत नाहीत.

ही कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, त्यामागून आणखी दुकानं आली. १ एप्रिल १९७७ला बूथ यांनी हे गाव स्वतंत्र राज्य आणि आपण त्याचे राजे, असं जाहीर करून टाकलं. थट्टाच ती, पण गावाचं नाव जगभर झालं. पुढे बेल्जियममधल्या रेद्यूसारखी पुस्तकगावं त्याच वाटेने गेली.

तुलनात्मक साहित्य शिकताना आम्हाला एक सवय लागली: एखादी गोष्ट एका भाषेतून दुसरीत गेली की आधी काय बदललं ते पाहायचं. हे-ऑन-वाय मराठीत येताना क्रियापदच बदललं. तिथलं क्रियापद आहे ‘विकणं’. भिलारमध्ये पुस्तक विकत मिळत नाही, सोबतही नेता येत नाही. तिथेच बसून वाचायचं. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला आधी “बसा” म्हणतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात. त्या ‘बसा’ला पुस्तक जोडलं गेलं. दुकानाचं भाषांतर ओसरीत झालं म्हणा ना.

मंडी हाउसजवळच्या साहित्य अकादेमीच्या ग्रंथालयात मी वर्षानुवर्षं बसते. चोवीस भाषांची ती संस्था, आणि तिथली शांतता मला प्रिय आहे. भिलारमध्ये ज्या घरात मी तीन तास वाचत बसले तिथे कुकरच्या शिट्ट्या होत्या, अंगणात स्ट्रॉबेरीचे खोके भरणं चाललं होतं. त्या तीन तासांत दहा-बारा माणसं आली. बहुतेकांनी रंगवलेल्या भिंतीसमोर फोटो काढले आणि निघाली. घरच्या काकूंना विचारलं, वाचायला कोणी बसतं का? म्हणाल्या, “बसणारा माणूस मला लगेच कळतो. तो आधी कपाटाकडं बघतो, मग भिंतीकडं.” मी त्यांना कोणत्या गटातली वाटले, हे विचारायचा धीर झाला नाही.

काकूंच्या त्या वाक्याने मला गावाची खरी अडचण दिसली. वाचनीय गाव हळूहळू प्रेक्षणीय होत जातं. पुस्तकं, कपाटं, खुर्च्या योजनेतून येतात. पण सकाळी खोली झाडणं, दमट हवेत कागद सांभाळणं आणि अनोळखी माणसाला घरात घेणं, हे घरातल्या माणसांनी करायचं असतं. ते बहुधा बायकाच करतात, आणि नेमक्या स्ट्रॉबेरीच्या हंगामात, जेव्हा पाहुण्यांचीही गर्दी असते. फोटो काढून जाणाऱ्यांसाठी हे किती वर्षं करायचं?

पुस्तिकेतला ‘इतिहास’ सोपा होता. स्वातंत्र्यसैनिक आणि माजी आमदार भि. दा. भिलारे गुरुजी याच गावचे. १९४४ साली पाचगणीत गांधीजींवर धावून आलेल्या तरुणाला अडवल्याची आठवण ते सांगत. तिच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. गाव पुस्तकांचं झालं त्याच वर्षी, जुलै महिन्यात, गुरुजी गेले.

‘परंपरा’ या भागात स्ट्रॉबेरी होती, आणि तिनेच माझी अडचण सोडवली. हे फळ इंग्रजांच्या काळात या डोंगरात आलं. आजही मातृरोपं परदेशातून येतात. वरच्या पावसात ती टिकायची नाहीत, म्हणून पावसाळ्यात खाली वाईच्या बाजूला रोपवाटिकांत वाढवतात. त्यांना फुटलेले धुमारे, ज्यांना शेतकरी ‘रनर’ म्हणतात, मातीत रुजवून नवी रोपं करतात आणि पाऊस ओसरला की ती वर आणून लावतात. दरवर्षी हेच. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरून आलेलं फळ कागदोपत्रीही इथलं ठरलं. ते परंपरेत बसतं, याबद्दल कोणाला शंका येत नाही.

मग पुस्तकांनी किती वर्षं थांबायचं? स्ट्रॉबेरी इथली झाली ती केवळ जुनी झाली म्हणून नव्हे. दरवर्षी कोणी तरी ती नव्याने लावतं म्हणून. पुस्तकांचंही तसंच. ती इथली होतील ती बसून वाचणाऱ्यांमुळे. आणि घरातली मुलं वाचू लागली तर लवकर होतील.

मी संपादकांना सुचवलं की पुस्तकांचा परिच्छेद ‘प्रेक्षणीय स्थळे’मधून काढून ‘परंपरा’मध्ये, स्ट्रॉबेरीच्या खाली ठेवावा. थोड्या चर्चेनंतर त्यांनी ते मानलं. शेवटी एक ओळ मी मूळ मराठीत आणि दोन्ही भाषांतरांत घालून घेतली: ‘इथे येताना अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि चपला काढून बसा.’