सरहद्दीवरचे भाषावर्ष

भाषेच्या सार्वजनिक जीवनाचा वर्षभराचा ताळेबंद बहुधा राजधानीच्या दप्तरातून मांडला जातो. आणि त्या रीतीने पाहू गेल्यास, फेब्रुवारी २०२४ मधील अमळनेरच्या साहित्य संमेलनापासून फेब्रुवारी २०२५ मधील दिल्लीच्या संमेलनापर्यंतचे वर्ष मराठीच्या भाग्याचेच म्हटले पाहिजे. अमळनेरास रवींद्र शोभणे अध्यक्षस्थानी होते, दिल्लीस तारा भवाळकर. आणि या दोहोंच्या मध्ये, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा बहाल केला. त्या वार्तेने मला झालेला आनंद आजही ओसरलेला नाही.

तथापि मी राहतो बऱ्हाणपुरातील शनवाऱ्यात, आणि येथून तेच वर्ष किंचित निराळे दिसते. निजाम-उल-मुल्काने १७३१ मध्ये बांधविलेल्या तटाच्या वेशींपैकी एकीचे नाव वागविणाऱ्या या वस्तीने १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांचा, मागाहून शिंद्यांचा आणि शेवटी इंग्रजांचा अंमल पाहिला; परंतु मराठीच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख. नागपूर ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदीच्या जोडीने मराठीही राजभाषा होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचे निमाड मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि कचेरीतली मराठी आमच्या ओसरीपुरती उरली. ओसरीवर मात्र ती टिकली. बहिणाबाई चौधरींच्या काव्यास जिने देह दिला, ती लेवा गणबोली रावेराकडून सरहद्द ओलांडून आमच्या केळीच्या बागांतून आजही ऐकू येते. आणि अनेक भाषा शेजारी नांदविण्याची या शहराची वृत्तीही जुनीच, कारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने उभारलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे.

अशा ठिकाणी बसून वेल्सचा विचार मनात येतो. तेथील भाषा बोलणारे २०२१ च्या जनगणनेप्रमाणे अवघे ५ लाख ३८ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १८ टक्के. पण त्यांचा आयस्टेडवड नावाचा राष्ट्रीय काव्यसंगीतोत्सव दरवर्षी नव्या गावी, बहुधा आळीपाळीने उत्तरेस व दक्षिणेस, भरतो, आणि व्यासपीठावर वेल्शखेरीज अन्य भाषा चालत नाही. २०२४ मध्ये तो पाँटिप्रिडला, म्हणजे जेथे व्यवहारात इंग्रजीचेच प्राबल्य आहे अशा जुन्या कोळसाखाणींच्या मुलखात भरला, आणि २०२५ मध्ये रेक्सम येथे, इंग्लंडच्या सीमेलगत. ज्या मुलखात भाषा क्षीण झाली तेथेच आपला उत्सव घेऊन जावे, यात केवढा आत्मविश्वास आहे!

दिल्लीच्या संमेलनाविषयी माझी तक्रार नाही. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली तेथे संमेलन झाल्यानंतर सत्तर वर्षांनी ते पुन्हा तेथे भरावे, हे योग्यच झाले. परंतु अभिजाततेची सनद हाती आल्यावर पहिली यात्रा जेथे या भाषेला सरकारी आश्रय नाही, शाळेचा आधार तुटपुंजा आहे आणि तरीही आजी नातवंडांशी तीच बोलते, अशा सरहद्दीच्या गावी निघाली असती, तर त्या सनदेचे मोल आमच्या घराघरांत पोहोचले असते. इंदुरास संमेलनाचा मान १९१७, १९३५ आणि २००१ साली लाभला, ग्वाल्हेरीसही लाभला. बऱ्हाणपुराचे नाव त्या यादीत अद्याप नाही. ते रुजू करण्याचा अर्ज आम्ही येथील मराठी नागरिकांनीच करावयास हवा, आणि त्यात एवढे स्पष्ट लिहावे की येथील मंडपात एक संपूर्ण सायंकाळ लेवा गणबोलीच्या कवींसाठी राखून ठेवली जाईल आणि त्यांच्या शेजारी निमाडी व उर्दू कवीही सन्मानाने बसतील.