बाबांसाठी कोणता अंक?

संपादकांना हवी होती यादी: निवृत्त माणसांनी आनंदाने वाचावीत अशी मासिकं. सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे मला ती सहज जमेल असं त्यांना वाटलं. पण गेल्या पावसाळ्यातलं एक प्रकरण अजून मनातून जात नाही.

एक गृहस्थ वडिलांची वर्गणी बंद करायला आले. "बाबांचं वाचनातलं लक्षच उडालंय," म्हणाले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. खातं काढून पाहिलं, तर मुलगा वर्षभर त्यांच्यासाठी अध्यात्म आणि आरोग्य या दोनच विषयांचे अंक नेत होता. म्हटलं, अनामत परत देते, पण एकदा बाबांना घेऊन या.

ते आले. मी विचारलं, "काका, कामावर होता तेव्हा हातात काय असायचं?" त्यावर ते इंजिनांबद्दलच बोलत राहिले. मी 'किर्लोस्कर'चा एक जुना बांधीव खंड काढून दिला. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने कारखान्याचं पत्र म्हणून ते निघालं आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक घडवलं. उद्योग, कथा, सामाजिक वाद, सगळं एकाच अंकात. काका वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत उठले नाहीत.

साठी उलटली की माणसाला भजन आणि मधुमेह यापलीकडे काही नको असतं, ही समजूत घराघरांत आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. देवघेवीच्या नोंदी वेगळंच सांगतात. निवृत्त शिक्षिका रहस्यकथा नेतात, बँकेतले साहेब प्रवासवर्णनं नेतात. धार्मिक मासिकं आवडीने वाचणारेही पुष्कळ आहेत, पण ते स्वतः येऊन मागतात.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. पिवळ्या पडलेल्या जुन्या पानावरचा मजकूर काका सलग वाचत होते. नवा गुळगुळीत विशेषांक मात्र खिडकीशी नेऊन, तिरका धरून, चकाकी चुकवत पाहत होते. दोन पानांत त्यांनी तो मिटला. आर्ट पेपरवरून प्रकाशकांशी माझे वाद होतात ते यासाठीच. वयाबरोबर डोळ्याची बाहुली आकसते, भिंग पिवळसर होतं, आत प्रकाश कमी पोचतो. त्यात कागद चकाकला की अक्षर हरवतं. प्रकाशक सांगतात, "आम्ही अकरा पॉइंट वापरतो." पण पॉइंटच्या आकड्यावर जाऊ नये. एका फाँटचं अकरा पॉइंटातलं अक्षर दुसऱ्यातल्या दहापेक्षाही बारीक दिसू शकतं. शिवाय आपल्या लिपीत रफार आणि मात्रा शिरोरेघेच्या वर, उकार खाली. दोन ओळींतलं अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. तरुण डोळा ते निभावून नेतो. सत्तरीतला वाचक तीच ओळ पुन्हा वाचतो, थकतो, आणि आपलंच लक्ष लागत नाही असं समजतो. फोटोवर किंवा रंगीत पट्टीवर मजकूर छापणाऱ्यांना तर मी दर दिवाळीला पत्र लिहिते. एवढ्या वर्षांत फरक फार थोडा पडला.

म्हणून अंक विकत घेण्याआधी मुखपृष्ठ सोडून मधलं पान उघडावं, नेहमीच्या चष्म्याने एक परिच्छेद वाचावा. वर्षाची वर्गणी लगेच भरू नये.

आता नावं. विज्ञानाची ओढ असेल त्यांनी मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका पाहावी. सार्वजनिक प्रश्नांत जीव रमत असेल तर साने गुरुजींनी 1948 मध्ये सुरू केलेलं 'साधना' आहे. 'मिळून साऱ्याजणी' आमच्याकडे निवृत्त पुरुषही नेतात. नवीन पुस्तकांची खबर हवी असेल तर 'ललित'. आणि 'किशोर'! बालभारतीचं मुलांचं मासिक आजोबांना सुचवलं की घरचे हसतात. हसू नये. त्याचे 1971 पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत आहेत, टॅबवर पान हवं तेवढं मोठं करता येतं, आणि मराठीतल्या नामवंतांनी त्यात जीव ओतून लिहिलं आहे.

दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि निवृत्त वाचकाला ती फार सोयीची. बहुतेक वाचनालयं या दिवसांत ठरावीक वर्गणीत अंक फिरते ठेवतात. चार पानं वाचून नावडलेला अंक बेलाशक परत करावा. आम्ही काउंटरवर कोणाला कारण विचारत नाही. ज्यांना आमचा जिना चढवत नाही त्यांच्यासाठी मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी जरूर यावं. फक्त घरून निघताना मागच्या अंकातलं कोणतं पान आवडलं, एवढं त्यांना विचारून यावं. पुढचा अंक काढून द्यायला मला तेवढं पुरतं.