सहा लाखांची मर्सिडीज

सहा लाखांत मर्सिडीज! हसलात ना? ऑफिसात मी सांगितलं तेव्हा सगळे असेच हसले होते. 'खेळण्यातली का रे?' इथपासून 'चोरीची असणार, बघ,' इथपर्यंत सगळं ऐकून झालं. पण गाडी खरी होती, कागद खरे होते आणि मालक तर इतके सज्जन, की त्यांनी गाडी दाखवायच्या आधी मला पोहे खायला घातले.

निगडी प्राधिकरणातल्या एका शांत गल्लीत, बंगल्याच्या पोर्चमध्ये ती उभी होती. १९९६ ची ई २२०, गडद निळी. जाणकार मंडळी हिला 'डब्ल्यू १२४' म्हणतात. आजच्या गाड्यांसारखी फुगीर नाही, सरळ रेषांची. कडक इस्त्रीच्या शर्टासारखी. बॉनेटच्या टोकाला तो उभा तारा. काचेवर वायपर एकच, पण असा काही आत-बाहेर होत फिरतो, की पठ्ठ्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो. आणि दरवाजा लावला की 'धाड' नाही, 'थक्'. बस्स. त्या 'थक्'नं माझी विकेट काढली.

आता मुळात हे खूळ आलं कुठून? तर आमच्या बाबांकडून. ही गाडी आपल्या पिंपरीची आहे, हे माझ्या टीममधल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मर्सिडीज भारतात आली १९९४ मध्ये, टेल्कोशी भागीदारी करून. १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारातच या ई-क्लास जोडल्या जाऊ लागल्या. चाकणचा कारखाना त्यानंतर पुष्कळ उशिरा, २००९ मध्ये झाला. बाबा तेव्हा टेल्कोत पेंट शॉपला होते. ट्रकच्या बाजूला, मर्सिडीजला त्यांचा हात कधी लागला नाही. पण शिफ्ट संपवून स्कूटरवर घरी आले, की चहा पिताना सांगायचे, 'आज चार गेल्या बाहेर.' मी पहिलीत होतो. मला वाटायचं, त्या चारांतली एक कधीतरी आपल्या दारात येणार. आली नाही, अर्थातच. आली ती सेकंडहॅण्ड मारुती, आणि आम्ही तिच्यावरही जाम खूष होतो.

डॉक्टर (मालक डॉक्टर आहेत) पंचाहत्तरीच्या पुढचे. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होतो, मुलगा परदेशात स्थिरावलाय, गाडी पोर्चमध्ये उभी राहून खराब होण्यापेक्षा कुणी चालवणारा मिळावा, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी एक जाडजूड फाईल पुढे ठेवली. तीस वर्षांची बिलं, तारीखवार. ऑईल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटऱ्या. एका बिलावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'डावीकडून बारीक आवाज, पुढच्या वेळी विचारणे'. पुढच्या बिलात त्या आवाजाचं उत्तरही होतं. एक लाख बारा हजार किलोमीटर, मालक एकच. माझ्या लग्नाचा अल्बमही इतका नीट लावलेला नाही.

मी अगदीच भाबडा नव्हतो हं. येण्याआधी फोनवर सांगितलं होतं, की इंजिन आधी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला जे बोलतं, ते खरं बोलतं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. चासी नंबर आरसीशी जुळवला, गाडीवर कर्जाचा बोजा नाही हे पाहिलं. एसी चक्क गार होता.

मग सुरू झालं माझं रात्रीचं एक्सेल. तुम्हीही करता ना? बायको झोपली की लॅपटॉप उघडायचा आणि आकडे आपल्याला हवे तसे वळवायचे. सहा लाखांत आज नवी गाडी म्हणजे छोटी हॅचबॅक. त्यापेक्षा... असं 'त्यापेक्षा' एकदा मनात शिरलं, की माणूस गेला कामातून.

एक्सेल मात्र ऐकेना. तीस वर्षांच्या गाडीला बँक कर्ज देत नाही, म्हणजे पैसे रोख. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हिचं २०११, २०१६, २०२१ असं झालेलं, आता २०२६ ची पाळी. वीस वर्षांवरच्या मोटारीला या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झालीय, शिवाय ग्रीन टॅक्स वेगळा. विम्याचं आणखी वेगळं. गाडीची किंमत किती धरायची हे कंपनीशी बोलून ठरवायचं, आणि ती काही आपल्या प्रेमाकडे बघून आकडा लावत नाही. पेट्रोलला शहरात लिटरला सात-आठ, हे डॉक्टरांनीच हसत सांगितलं.

दुसऱ्या रविवारी मी भोसरीच्या एका मिस्त्रींना घेऊन गेलो. हे फक्त जुन्या जर्मन गाड्या करतात. एक तास गाडीखाली होते. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, 'बॉडी कडक आहे. इंजिन पण मस्त. माणसानं जीव लावलाय.' मी खूष. 'पण साहेब, रबराला सर्व्हिस बुकातलं काही कळत नाही. त्याला फक्त वय कळतं.' सस्पेन्शनचे बुश, इंजिनचे माऊंटिंग, पाण्याचे होज, दरवाजांचे सील, सगळं एकेक करून जाणार. त्यात पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ही गाडी बनली तेव्हा त्याचा विचारही नव्हता, म्हणून पेट्रोलच्या नळ्याही बदलून घ्यायच्या. एसी आज चालतोय, पण त्याचा कूलिंग कॉईल गेला तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पहिल्या वर्षाचे त्यांनी दोन लाख सांगितले.

'गाडी सहाला मिळाली तरी पार्ट सहा लाखांच्या गाडीचे नसतात, मर्सिडीजचेच असतात,' ते म्हणाले. 'गाडीच्या किमतीएवढे अजून बाजूला असतील तर डोळे झाकून घ्या. नसतील तर फोटो काढा आणि घरी चला.'

नव्हते. आमच्या दोघांच्या खात्यांत मिळून नऊ लाख होते. त्यातले चार मृणालचे. खरं तर सगळेच दोघांचे, पण ते चार तिनं मनात बाजूला काढलेले. मृणाल फिजिओथेरपिस्ट आहे. सात वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम करून आता तिला वाकडमध्ये स्वतःची एक खोली घ्यायचीय. डिपॉझिट, दोन टेबलं, एक-दोन मशिन्स. ती जागा तिनं मला दाखवलीसुद्धा होती. मी तेव्हा मोबाईलवर मर्सिडीजचे फोटो बघत होतो.

तिला सगळं सांगितलं. वाटलं, आता वाजणार! तिनं पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'घे मग. क्लिनिक पुढच्या वर्षी बघू.'

'नको' म्हणाली असती तर मी मस्त भांडलो असतो. 'आयुष्यात एकदा तरी', 'बाबांसाठी', सगळे डायलॉग तयार होते. 'घे' म्हटल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाही. लोच्या झाला तो तिथे.

तिसऱ्या रविवारी मी बाबांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी किल्ली हातात दिली, 'आरामात फिरवून आणा' म्हणाले. बाबा लगेच बसले नाहीत. गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली, हाताची पालथी बाजू पत्र्यावरून फिरवत. मागच्या डाव्या दरवाजापाशी थोडे थांबले. मग तोच दरवाजा उघडून मागे बसले. मी पुढे बसा म्हटलं, तर म्हणाले, 'ही गाडी मागे बसायचीच असते.'

मी मुद्दाम टेल्को रोडनं घेतली. कंपनी २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली, पण रस्ता आपला टेल्कोच. काय चालते हो ती! खड्डा आहे हे डोळ्यांना दिसतं, बुडाला कळत नाही. स्टीअरिंग जड नाही, पण हातात काहीतरी आहे हे विसरू देत नाही. सिग्नलला शेजारच्या बाईकवरचा पोरगा वाकून वाकून बघत होता. आरशात बाबा दिसत होते. हात मांडीवर, खिडकीबाहेर बघत.

आणि त्या सगळ्या सुखात मी काय करत होतो? हिशेब. स्पीडब्रेकर आला की मिस्त्रींचा बुश आठवायचा. एक टेम्पो जवळून घासून गेला तेव्हा पोटात गोळा आला. सिग्नलला एसीचा वारा जरा कमी वाटला आणि मी मनात अख्खा डॅशबोर्ड उतरवून ठेवला. वीस मिनिटांत चार बिलं फाडली मी! डॉक्टरांनी तीस वर्षं ही गाडी चालवली ती खुशीत, कारण एखादा पार्ट गेला तर त्यांना फक्त फोन करायचा होता. मला मृणालच्या टेबलाकडे बघावं लागलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. जमणार नाही म्हणालो, कारणही खरं ते सांगितलं. ते सव्वापाचपर्यंत खाली यायला तयार झाले. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं एक्सेल पुन्हा उघडलं होतं. पण पाऊण लाखानं मिस्त्रींचा हिशेब बदलत नव्हता. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'तुमच्या मिसेसच्या क्लिनिकचा पत्ता द्या. माझा गुडघा आहेच.'

बाबांना सांगितलं तेव्हा ते टीव्हीवर मॅच बघत होते.

'बरं,' एवढंच म्हणाले. ओव्हर संपल्यावर म्हणाले, 'मागचा डावा दरवाजा नंतर रंगवलेला आहे.'

'काय सांगता! डॉक्टर तर म्हणत होते, सगळा रंग कंपनीचा आहे.'

'त्यांना आठवत नसेल. फार जुनं काम आहे. उन्हात तिरकं बघितलं की संत्र्याच्या सालीसारखं दिसतं जरा.'

'मग तिथेच का नाही बोललात?'

'तू चालवत होतास ना,' ते म्हणाले. आवाज थोडा वाढवला टीव्हीचा. मग, बऱ्याच वेळानं, 'पण ज्यानं केलंय ना, त्याचा हात चांगला होता. शेड अगदी बरोब्बर जुळवलीय.'