धुरातलं सोनं

पांढरी झिलई चढवलेलं भांडं दुसऱ्या भाजणीतून बाहेर आलं की बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. माझ्यासाठी खरं काम तिथून सुरू होतं. काव, मोरचूद आणि व्हिनेगर घोटून केलेला लेप मी कुंचल्यानं त्या झिलईवर लावते. मोरचूद म्हणजे तेच निळे खडे, जे बारामती-इंदापूरकडचे द्राक्ष-डाळिंबवाले चुन्यात कालवून बोर्डो करतात. सोनेरी छटा हवी असेल तर त्यात चांदीचं संयुग घालायचं. लेप वाळला की नुसता मातकट डाग दिसतो. पुढे त्यातून तांबूस-सोनेरी वेलबुट्टी उमलणार आहे, याची त्यात काहीच खूण नसते.

हा लेप रंग नाही, तो फक्त धातू वाहून आणतो. तिसऱ्या भाजणीत उष्णता सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावी लागते. तेवढ्यानं झिलई वितळत नाही, जेमतेम मऊ होते. मग तांब्याचे आणि चांदीचे आयन लेपातून झिलईत शिरतात आणि तिच्यातले सोडियम-पोटॅशियमचे आयन जागा सोडून बाहेर पडतात. आता हवा कोंडायची. झडप लावायची, वेड्या बाभळीच्या काटक्या आत सरकवायच्या आणि भट्टी धुरानं भरू द्यायची. पुरेशी हवा न मिळालेल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि मिळेल तिथून ऑक्सिजन ओढून घेतो. अशा वातावरणात झिलईत शिरलेले आयन पुन्हा धातू होतात. अणूला अणू जुळून काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर आकाराचे कण बनतात. हा सगळा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो.

इतक्या बारीक कणांचं प्रकाशाशी वागणं वेगळंच असतं. कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ झुलतात आणि ठराविक रंगाचा प्रकाश गिळतात. चांदीचे कण जांभळा-निळा भाग गिळतात, म्हणून पिवळी झाक उरते. तांब्याचे कण हिरवा भाग गिळतात, म्हणून माणकासारखा लाल. मात्र रंग येणं आणि धातूची झळाळी येणं या दोन गोष्टी आहेत. कण विरळ असले तर रंगच दिसतो. ते पृष्ठभागाजवळ दाटीनं बसले की थर धातूसारखा चमकू लागतो. मायकल फॅरेडेनं १८५७ मध्ये सोन्याच्या अशा सूक्ष्म कणांचे रंग अभ्यासले, गुस्ताव मी यानं १९०८ मध्ये त्याचं गणित मांडलं. इराकमधले कुंभार हे नवव्या शतकातच हातानं करत होते.

त्याही आधी इजिप्त-सीरियाकडे काचेवर हे काम होत असे. इराकची सुरुवातीची भांडी बहुरंगी होती, दहाव्या शतकात कारागीर एकाच सोनेरी रंगावर आले. पुढे ही विद्या इराणात काशानला आणि स्पेनमार्गे इटलीत गुब्बियोपर्यंत पोचली. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमनं १३०१ मध्ये कृती लिहून ठेवली. भट्टीतून काढलेलं भांडं ओल्या मातीनं घासायचं, म्हणजे सोनं वर येतं, हे त्यात आहे. मी आजही तेच करते. (त्या झिलईत शिसं असे, म्हणून जुन्या कृतीच्या भांड्यात खाऊ नये.) दख्खनच्या वाट्याला झिलई आली. बीदरला महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशावर निळ्या फरशा अजून दिसतात. तिथं रंग आहे, ही झळाळी नाही.

यावरून कोणी म्हणतं, आपल्याकडे ही विद्या नव्हतीच. मला हे पटत नाही. कृती उतरवून घेता येते, साहित्य विकत मिळतं, अवघड असतो तो धूर. तो किती वेळ कोंडायचा आणि कधी मोकळा करायचा, हे कागदावर येत नाही. आणि हवा कोंडून माती काळी करणं आपल्या कुंभारांना परकं नाही. मोकळ्या हवेत लाल होणारं भांडं, आवा झाकून धूर कोंडला की काळं निघतं. तिथं बदलतं ते मातीतलं लोह, इथं तांबं. ऑक्सिजन काढून घेण्याची क्रिया, म्हणजे क्षपण, तीच.

आमची आगीची ओळखही जुनी आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं, तेव्हा तिथं कुंभाराची भट्टी सापडली. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी तीन हजार वर्षांहून जुनी, तरी इतकी पक्की भाजलेली की तुकड्यावर टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत नाद येतो. घोड भीमेला मिळते आणि ती भीमा पुढे इंदापूरच्या शिवेवरून वाहते.

म्हणून बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातल्या आणि इंदापूरकडच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. क्षपण हा धडा शिकवाल तेव्हा मुलांना आवा पेटलेला असताना एकदा कुंभारवाड्यात न्या, आणि हवा केव्हा बंद करायची हे कशावरून ओळखता, हा प्रश्न त्यांनाच तिथल्या कुंभारांना विचारू द्या.